चिबडातलं लोणी

बसा. खुर्ची जरा पुढे घ्या, त्या कोपऱ्यात उजेड पोचत नाही. तुमची मुलगी आमच्या प्राचीच्या ग्रुपात यायचं म्हणतेय आणि त्याआधी घरच्यांना भेटावं म्हणून तुम्ही सांगलीपर्यंत आलात, हे बरं केलंत. तुमच्या जागी मीही आलो असतो. जे झालं ते क्रमाने सांगतो. फक्त एवढं ध्यानात असू द्या, की मी मुळात घाबरट माणूस आहे. माझ्या सांगण्यात खरं किती आणि माझ्या काळजीने रचलेलं किती, हे माझं मलाच नेहमी ठरवता येत नाही.

सुरुवात भोपळ्यांपासून झाली. मिरजेत सतारी करणाऱ्यांच्या गल्लीत मी तडा गेलेले, वाया गेलेले भोपळे मागायला गेलो होतो. दुकानदार लालासाहेब ओळखीचे. लाकडाचा भुसा झटकत म्हणाले, "काय सर, या वयात सतार?"

"नाही हो. शिरस्त्राणं करायचीत. केल्ट लोकांची."

"हे कुठले? कर्नाटकातले?"

"युरोपातले. अडीच हजार वर्षांपूर्वीचे."

"मग मेली की ती माणसं," लालासाहेब म्हणाले, "भोपळे कुणाच्या डोक्यात घालताय?"

मी हसलो. पोतंभर भोपळे घेऊन रिक्षाने घरी आलो. प्राचीने त्यातला एक डोक्यावर ठेवून आरशात पाहिलं आणि हसली. त्या एका हसण्यासाठी मी पायी पंढरपूरहून भोपळे आणले असते.

प्राची माझी नात. मुलगा आणि सून बंगळुरूला असतात. ही पुण्यात शिकत होती. तिथे काय बिनसलं ते कधी बोलली नाही, पण घरी आली ती जेवण सोडून. ताटावर बसायची, भाकरीचा पापुद्रा काढायची, त्याचे तुकडे करायची आणि ते ताटाच्या कडेने मांडायची. मनगट माझ्या दोन बोटांत मावायला लागलं. मिरजेचे डॉक्टर म्हणाले होते, वजन आणखी उतरलं तर दाखल करून नळीने अन्न द्यावं लागेल. त्यानंतर शालन, म्हणजे माझी बायको, आणि मी, आम्ही दोघं तिच्या तोंडाकडे बघत जगत होतो. तिने घास घेतला की आमचा घास खाली उतरायचा.

अशात तिला हे खूळ लागलं. लार्प म्हणतात त्याला. नाटकच, पण प्रेक्षक नाहीत आणि संवाद पाठ नाहीत. एक पात्र घ्यायचं, तसा वेश करायचा आणि दिवसभर तेच होऊन राहायचं. केल्ट तिने माझ्यामुळे निवडले. मी तरुणपणी एडिंबरात प्राचीन युरोपावर प्रबंध लिहिला, आणि मग तीस-चाळीस वर्षं इथल्या मुलांना पानिपत शिकवलं. माझं ते ज्ञान कुणी कधी मागितलं नव्हतं. नातीने मागितलं. मी फुलून गेलो, हे कबूल करायला हवं.

मुलं जमली. साताऱ्याची शिवांजली, वडूजचा ऋषिराज, इथलेच काही इंजिनीअरिंगचे. माणदेशी घोंगड्यांचे झगे झाले. वायरमनकडच्या तांब्याच्या तारा वळून गळ्यातली कडी झाली. भाल्यांना उसाची कांडी, कारण लागलं तरी दुखायचं नाही आणि मोडलं तर खाता येतं. प्रश्न होता जागेचा. माझ्या पुस्तकांतले केल्ट दलदलीच्या काठी राहायचे. सांगलीत दलदल कुठून आणायची?

ती होती. माझा पुतण्या भरतेश, त्याचं कृष्णेकाठी चिबड रान आहे. चिबड म्हणजे तुम्हाला ठाऊक असेल, उसाला पाणी पाजून पाजून मेलेली जमीन. वर पांढरं मीठ फुटलेलं, खाली काळा चिखल. पाय टाकला की घोट्यापर्यंत आत जातो आणि उपसताना जमीन चोखल्यासारखा आवाज करते. मग वास येतो. नासक्या अंड्याचा, आणि त्याच्या मागून दुसरा एक, गोडसर, बंद खोलीतल्या आजारी माणसाच्या अंथरुणाचा.

"काका, हितं कुत्रं बी मुतत न्हाई," भरतेश म्हणाला. "तुमी प्रोफेसर माणसं. एखादं मंगल कार्यालय घ्या की रं... घ्या की."

"कार्यालयात दलदल नसते."

"आमच्याकडं लय हाय. न्या पोत्यात भरून."

खेळाला एक मध्यबिंदू लागतो. मुलांनी तो माझ्याकडे मागितला. तेव्हा मी लोण्याचं सांगितलं. आयर्लंडात, स्कॉटलंडात दलदल खणताना लोण्याचे गोळे सापडतात, लाकडी भांड्यात घालून पुरलेले, हजारो वर्षांचे. का पुरले ते कुणाला नक्की सांगता येत नाही. कुणी म्हणतं टिकावेत म्हणून, कुणी म्हणतं भूमीला अर्पण म्हणून. मी दुसरं मत घेतलं, कारण ते नाट्यमय होतं. दसऱ्याला पुरायचं आणि कार्तिकात खेळाच्या दिवशी, केल्टांच्या हिवाळ्याच्या सणाला, तिथे जाऊन त्याला वंदन करायचं. अर्पणाची ओळही मीच लिहून दिली: 'आमचं हे घे आणि आमची माणसं आम्हाला ठेव.' ही ओळ कुठे वाचली होती की मला सुचली, हे मी नंतर पुष्कळ आठवून पाहिलं. आठवत नाही.

"नुसतं वंदन?" ऋषिराज म्हणाला. "सर, त्याला काय मजा? उकरून काढायचं आन् परसाद घ्यायचा. नैवेद्य दावला की परसाद आलाच की."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्यांच्या घरी तसंच असतं. आम्ही जैन. आमच्यात देवापुढे वाहिलेलं, मग तो तांदळाचा दाणा असो की बदाम, ते निर्माल्य. ते उचलायचं नाही, खायचं तर नाहीच. दिलं ते दिलं. आणि माझ्या पुस्तकातल्या लोकांचंही तसंच होतं, दलदलीत टाकलेलं कुणी परत काढत नसे. मला हे ठाऊक होतं. मी तोंड उघडलं, आणि प्राची म्हणाली, "मस्तच! चालेल ना आजोबा?" तिचे डोळे चमकत होते. मी म्हटलं, चालेल. मनाची समजूत घातली की हा खेळ आहे.

शालनला घरी सांगितलं तर ती दळण निवडता निवडता थांबली.

"लोणी निघालं की लगेच कढवायचं असतं," ती म्हणाली. "ठेवलं तर त्यात जीव पडतात. लहानपणापासून ऐकलंय ना तुम्ही? आणि तुम्ही ते पुरणार. पुरून काढणार. वर वाहिलेलं खाणार."

"कुणी खाणार नाही गं. ओठांना लावतील आणि थुंकतील."

"किळस कशी येत नाही तुम्हाला?"

किळस येत होती. पण त्या आठवड्यात प्राचीने दोनदा आमटी-भात खाल्ला होता.

लोणी शिवांजलीच्या आईने दिलं, म्हशीचं, पांढरंशुभ्र. लाकडी काठवटीत गोळा ठेवला, वर दुसरी काठवट पालथी घातली, फडक्यात बांधून भरतेशच्या रानात कमरेएवढ्या खड्ड्यात सोडला. प्राचीने ओळ म्हटली. काळं पाणी चहूकडून आलं आणि खड्डा आपोआप बुजला. फावड्याची गरजच पडली नाही.

खेळाचा दिवस उजाडला तेव्हा गळीत हंगाम सुरू झाला होता. कारखान्याच्या मळीचा वास आणि चिबडाचा वास एकमेकांत मिसळून हवा घट्ट झाली होती. माझं काम पंचाचं. गळ्यात शिटी. शिटी वाजली की खेळ थांबतो आणि प्रत्येकजण पुन्हा आपापला होतो, असा नियम. दुपारभर दोन टोळ्या लढल्या. घोंगडी भिजून मेंढरासारखी घाण यायला लागली. मेलेले बांधावर बसून भडंग खात होते आणि जिवंतांना टोमणे मारत होते.

"ए राणी, भोपळा नीट घाल, गळाय लागलाय!"

"गप रं! मेलास ना तू? मेलेल्यानं बोलू नये," प्राची ओरडली. टोळीची राणी होती ती. गालांना निळा रंग, गळ्यात तांब्याचं कडं. मला ती ओळखू येत नव्हती, आणि मला त्याचा आनंद होत होता.

दिवस मावळायच्या आत आटपायचं ठरलं होतं. ऊन तिरपं झालं तसे सगळे खुणेच्या काठीपाशी जमले. ऋषिराज आणि आणखी एकाने खणायला घेतलं. चिखल फावड्याला सोडत नव्हता. प्रत्येक खोऱ्याबरोबर तो वास वर यायचा, आणि मुलं नाकं दाबून हसायची. मग फावडं लाकडाला लागलं. हसणं थांबलं.

फडक्याची गाठ जशीच्या तशी होती. वरची काठवट काढली.

चहूकडे ती घाण, पण त्या काठवटीतून वेगळाच वास आला. मी तो ओळखला आणि माझ्या अंगावर काटा आला. तान्ह्या बाळाच्या टाळूचा वास होता तो. दुधाचा, तेलाचा, कोमट. गोळा पुरला त्याहून मोठा वाटत होता. मी स्वतःला सांगितलं, फुगला असेल, पाणी प्यायला असेल. त्याचा रंग पिवळट झाला होता आणि वरून बारीक लव आली होती. बुरशी. बुरशीच असणार. ती लव एकाच दिशेने बसलेली होती, विंचरल्यासारखी. आणि गोळ्याच्या माथ्यावर एक मऊ खळगा होता. तो... वर-खाली होत होता.

"सर," शिवांजली हळूच म्हणाली, "हलतंय का वो ते?"

"आतला वायू," मी म्हणालो. "सडण्याने वायू होतो."

ऋषिराजने बोट लावलं आणि मागे घेतलं. "गरम हाय."

कुणी पुढे येईना. मी शिटीला हात घातला. तेवढ्यात प्राची पुढे झाली, चिखलात गुडघे टेकले आणि बोटावर थोडं घेतलं. ते तुटताना लाळेसारखी तार आली.

"आजोबा, आधी तुम्ही."

"अगं, मी पंच आहे. मी खेळात नाही."

"तुम्ही घेतलंत तर मी घेईन." ती हसत होती. लहानपणी घास भरवताना मी तिला हेच म्हणायचो, आधी मी, मग तू. "मला भूक लागलीय, आजोबा."

भूक लागलीय. किती महिन्यांत हे शब्द मी ऐकले नव्हते. नळीचं, दवाखान्याचं सगळं डोळ्यांपुढून गेलं. मी जन्मभर कांदा-बटाट्यालासुद्धा शिवलेलो नाही. त्या मी तोंड उघडलं.

ते कोमट होतं. लव जिभेला लागली, केसाळ किड्यासारखी. खारट, आणि त्याच्या तळाशी गोड. मी थुंकणार होतो, पण ते थांबलंच नाही, आपणहून घशाकडे सरकलं आणि उतरलं. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

मग प्राचीने खाल्लं. ओठांना लावून थुंकलं नाही. दोन्ही हातांनी खाल्लं. गालांवरच्या निळ्या रंगात ते माखलं, हनुवटीवरून कोपरापर्यंत ओघळलं, आणि ती ते ओघळ चाटत होती. तिच्या घशातून आवाज येत होता, मांजर दूध पिताना करतं तसा. ऋषिराज बांधाकडे धावला, तो ओकतोय हे ऐकू आलं. शिवांजली रडायला लागली. "सर, शिटी वाजवा की... सर..."

शिटी माझ्या हातात होती. मी वाजवली नाही. तिचा जबडा हलताना, गळ्याची ती काडीसारखी शीर भरून येताना मी बघत राहिलो. मला मळमळत होतं आणि मला वाटत होतं, खा बाळ, अजून खा. या दोन गोष्टी एकाच वेळी वाटू शकतात, हे मला माहीत नव्हतं.

गोळा संपला. काठवटीच्या बुडाला थोडं राहिलं, ते तिने डब्यात घालून घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शालनने तो डबा पाहिला. कल्हईच्या पातेल्यात ते लोणी टाकलं आणि गॅस पेटवला. कढवलं की दोष जातो, असा तिचा विश्वास. मी दारात उभा होतो. लोणी वितळत नव्हतं. पातेल्याच्या बुडाला ते आक्रसून कडेला सरकत होतं, जिकडे आच कमी तिकडे.

आतल्या खोलीतून प्राचीचा आवाज आला. ती ओरडली नाही. अगदी शांतपणे म्हणाली, "आजी, गॅस बंद कर. भाजतंय."

तिला स्वयंपाकघर दिसत नव्हतं. शालनने गॅस बंद केला. आत जाऊन पाहिलं तर प्राचीच्या पोटरीवर टरटरून फोड आले होते. ती त्यांच्याकडे जरा कौतुकानेच बघत होती. मग उठली, स्वयंपाकघरात आली आणि पातेलं बोटाने पुसून चाटून घेतलं.

त्यानंतर तिने या घरात काही खाल्लेलं आम्ही पाहिलं नाही. पण ती भरायला लागली. गाल वर आले, मनगट गोल झालं, केसांना तकाकी आली. मिरजेच्या डॉक्टरांनी वजन केलं आणि माझी पाठ थोपटली. "काय देताय खायला?" मी म्हणालो, घरचंच. मुलाने बंगळुरूहून व्हिडिओवर तिला पाहिलं आणि सुनेला रडू आलं, आनंदाने. ग्रुपही वाढला. ऋषिराज येत नाही आता, शिवांजलीने फोन बंद ठेवलाय, पण नवी मुलं येताहेत, तुमच्या मुलीसारखी. प्राची त्यांच्याशी तासन्‌तास बोलते. खोटं कशाला सांगू, घरात हसणं परत आलंय.

फक्त ती मऊ झालीय. मी एकदा तिचा दंड धरून तिला गाडीच्या वाटेतून बाजूला ओढलं. माझ्या बोटांचे वळ उमटले ते खोल, आणि संध्याकाळपर्यंत तसेच राहिले. मी वाचलं, अंगाला सूज असली की असं होतं. डॉक्टरांना विचारलं. त्यांनी तपासण्या केल्या आणि सूज नाही म्हणाले. दुपारच्या उन्हात ती बसत नाही. आणि तिच्या खोलीत तो वास असतो, टाळूचा. शालन रोज फरशी पुसते, मग मोरीत जाऊन ओकते. मी टीव्हीचा आवाज वाढवतो.

गेल्या आठवड्यात शालन तिची वेणी घालत होती. तिने मला हाक मारली, अशी की मी अनवाणी धावलो. प्राचीच्या पाठीवर, खांद्याच्या जरा खाली, एक खाच होती. भांड्यातून बोटांनी लोणी काढावं आणि मागे जशी घळ राहावी, अगदी तशी. रक्त नाही. खपली नाही. आत पिवळट, गुळगुळीत.

"दुखतंय का गं?" मी विचारलं.

"नाही आजोबा," ती म्हणाली. "असू दे."

दुसऱ्या दिवशी तिथेच बाजूला दुसरी. काल तिसरी. दारं-खिडक्या आम्ही आतून लावून घेतो. घरात आम्ही तिघंच. शालनने काल मन घट्ट करून त्या घळीत स्वतःची बोटं ठेवून पाहिली. बसली नाहीत, तिची बोटं बारीक आहेत. मग तिने माझ्याकडे पाहिलं. माझा हात धरला आणि तिथे ठेवला. माझी बोटं बरोबर बसली.

मी रात्री दार लावून, हात धुऊन झोपतो. सकाळी उठल्याबरोबर बोटं हुंगून पाहतो. कधी साबणाचा वास येतो. कधी... मला नक्की सांगता येत नाही. मी घाबरट आहे, ते सुरुवातीलाच सांगितलं.

प्राची आता येईलच बाहेर, तुम्हाला भेटायला. मुलीबद्दल काय ते तुम्ही ठरवा, मी हो म्हणत नाही आणि नाही म्हणायचा धीर मला होत नाही. ही शालन आली बघा. घ्या ना, भडंग घ्या, चहा घ्या. नाही, नाही, मला नको, तुम्ही घ्या. मला आठवडाभर भूकच नाही.